बेगमपुढं वाचायचं

फेब्रुवारी सरत आला की आमच्या लातुरात दोन गोष्टी बरोबरीनं येतात. मार्केट यार्डात तूर आणि चौकाचौकात चेहरे. तुरीचं काही नाही, ती गिरणीत जाते, भरडली जाते, तिची चुनी हवेत उडते आणि गावभर एक कोरडा, जरासा भाजका वास भरून राहतो. चेहरे मात्र वर टांगलेले असतात. मागच्या निकालात चमकलेली पोरं. पासपोर्टच्या फोटोत असतात तशी, ओठ घट्ट मिटलेली, तेल लावून केस चापून बसवलेली, खाली जाड अक्षरात मार्क. क्लासवाल्यांचे फ्लेक्स एकावर एक चढतात. रिक्षातला भोंगा ओरडत जातो, प्रवेश सुरू, जागा थोड्याच. होस्टेलच्या गच्च्यांवर परगावची पोरं पुस्तक छातीशी धरून पुटपुटत फेऱ्या घालतात. आणि रस्त्याकडेचे लिंब पिवळी पानं गाळत उभे असतात. झाडणाऱ्या बाया झाडून झाडून कंटाळतात, पण पानं काही संपत नाहीत.

हा मोसम कुणाला उत्साहाचा वाटतो, कुणाला धास्तीचा. मला या दिवसांत लाज वाटते. चौकातनं जाताना मान खाली घालून जाते मी. ओळखीचं कुणी भेटलं तर म्हणते, ऊन लागतंय डोळ्यांवर.

लाज आहे ती एका वर्षाची. त्या वर्षी मी आणि हमीद डॉक्टरांनी मिळून एक उपक्रम काढला होता. ज्या पोरांना वाचता येत नाही, वाचायची भीती वाटते, त्यांनी रविवारी वाचनालयात यायचं आणि एका कुत्रीला गोष्ट वाचून दाखवायची. हसा, हसा. तेव्हाही सगळे हसलेच होते.

मी मराठीची बाई. हायस्कुलात पंचवीस वर्षं घसा फोडला. गॅदरिंगचं सूत्रसंचालन माझं, पंधरा ऑगस्टचं प्रास्ताविक माझं, शेजारच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा असली की परीक्षकाच्या खुर्चीत मीच. आणि माझा मुलगा सोहम, सातवीत गेलेला, त्याला वाचता येत नव्हतं. मठ्ठ नव्हता हो. बिघडलेला मिक्सर उघडून नीट करायचा, बसच्या आवाजावरून ती निलंग्याची की औशाची ते सांगायचा, ऐकलेलं एक अक्षर विसरायचा नाही. पण पुस्तक समोर धरलं की संपलं. 'पावसाळा' वाचायचा तर 'पा'वर बोट ठेवून तो इतका वेळ थांबायचा, की पुढचा सगळा पावसाळा मीच संतापानं वाचून टाकायची. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मग तो बोट काढून घ्यायचा.

हे आमच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. मुद्दाम त्याला माझ्या शाळेत न घालता लांबच्या शाळेत घातलेलं. पाहुणे आले आणि कुणी कौतुकानं म्हणालं, ''सरस्वतीच्या घरचं लेकरू, म्हण बघू एखादी कविता वाचून,'' की मी सोहमला कोथिंबीर आणायला पिटाळायची. आमचे हे म्हणायचे, ''अगं, किती कोथिंबीर खायची माणसानं!'' झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला समजावत होते. लाख-बिख काही नव्हतं मुठीत. पोराची मान होती.

एवढं झाकायचं काय, असं कुणी विचारलं तर मला भूकंपापाशी जावं लागतं. आमचं गाव निलंग्याच्या बाजूचं, दगडमातीच्या भिंतींचं. भूकंपाच्या साली मी दहावीत होते. घर गेलं, आजोबा गेले, धाकटी चुलती गेली. उरलेले आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागलो. उन्हात पत्रा असा तापायचा की आई ओली चादर वर टाकायची. शाळा तंबूत भरायची. आणि रोज कुणी ना कुणी पाहुणे यायचे, ब्लँकेटं घेऊन, बिस्किटं घेऊन, कॅमेरे घेऊन. गुरुजी मला उभं करायचे. ''वाच गं.'' मी वाचायची, खणखणीत. वाचताना माझा आवाज कापत नसे, याचंच पाहुण्यांना नवल वाटायचं. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. त्यातल्याच एका बाईंनी मला लातूरच्या वसतिगृहात घातलं, माझी फी भरली. दुसऱ्यांचे जुने कपडे घालून मी शिकले, पण वाचायला उभी राहिले की ते कपडे कुणाला दिसत नसत. माझ्या वाचण्यानं मला त्या पत्र्याखालून काढलं. म्हणून माझ्या पोटच्या पोराला वाचता येऊ नये, हे मला सोसवत नव्हतं. त्याच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं, मला माझ्यासाठीच वाईट वाटायचं.

त्या शेडांच्या भोवती कुत्री असत. गाव पडलं तरी ती काही नव्या जागेला यायला तयार नव्हती. भाकरीपुरती यायची आणि परत पडक्या दगडांत जाऊन बसायची. तिथं बसून कुणाची वाट बघत होती कोण जाणे. तेव्हापासून कुत्रं दिसलं की मी थबकते. आवडतं म्हणा, भीती वाटते म्हणा, दोन्ही.

एका भाचीनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला होता. परदेशातलं वाचनालय, गालिच्यावर लोळलेला एक केसाळ कुत्रा आणि त्याच्या पोटाला पाठ टेकून वाचत बसलेली पोरगी. अडखळत होती, पण कुणी हसत नव्हतं, कुणी चुका काढत नव्हतं. कुत्रा मध्येच जांभई द्यायचा. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी पदर खोचून हमीद डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले.

हमीद डॉक्टर म्हणजे गावातले जुने जनावरांचे डॉक्टर. घराणं जुन्या गल्लीतलं, वडिलांचं बांगड्यांचं दुकान. त्यांच्या दवाखान्यात एक कुत्री होती, पांढरी-तांबडी, गावठी. डाळीच्या टेम्पोखाली पाय सापडलेला, डॉक्टरांनी जोडला, पण ती लंगडत राहिली आणि तिथंच राहिली. घरी नेता येत नव्हतं, कारण डॉक्टरांच्या अम्मी नमाजी, घरात कुत्रं चालायचं नाही. ''अम्मी म्हणते, तुझी ती बेगम दवाखान्यातच ठेव,'' असं डॉक्टर हसत सांगायचे. तेच नाव पडलं. बेगम.

माझं सगळं ऐकून घेऊन डॉक्टर म्हणाले, ''असं हाय बगा बाई, बेगमला आवाज कळतो. काना-मात्रा न्हाई कळत. म्हणजे तुमच्या कामाचीच हाय ती.''

''चावणार नाही ना?''

''तिला पोरं चावू नयेत, एवढं तुम्ही बघा.''

पण चेष्टा संपल्यावर त्यांनी काम मनावर घेतलं. बेगमचा तपास चांगले दोन-तीन आठवडे चालला. ती झोपलेली असताना मागं पितळी ताट आपटायचं, खाताना ताटली ओढून घ्यायची, अनोळखी पोराला कान ओढायला लावायचे. बेगम एकदा डोळा उघडून बघायची आणि परत मिटायची. लशी झाल्या, जंताचं औषध झालं, नखं कापली. रविवारी सकाळी तिला आंघोळ घालायची, ते काम सोहमनं मागून घेतलं. वाचनालयाच्या बालविभागात सतरंजी अंथरायची. एका वेळी एकच पोरगं, पुस्तक त्यानं निवडायचं, मोठ्या माणसांनी बाहेर थांबायचं. दाराशी बादली, मग आणि साबण. ज्यांच्या घरी कुत्र्याला शिवलेलं चालत नाही त्यांनी हातभर लांब बसायचं आणि जाताना हातपाय धुवायचे. हा नियम मुसलमान घरांसाठी म्हणून केला होता, पण तो सगळ्यात जास्त आवडला आमच्या सोवळ्या बायकांना.

नियम ठरवताना शेवटचा नियम डॉक्टरांनी सांगितला. ''इथलं इथंच ऱ्हायलं पायजे. कोण आलं, कसं वाचलं, बाहेर न्हाई सांगायचं. जनावरापुढं माणूस का बोलतो? ते कुणाला सांगत न्हाई म्हणून.'' मी मान डोलावली होती. चांगली जोरात डोलावली होती.

पालकांना बोलावलं तेव्हा काय मजा झाली! एका वडिलांनी पहिलाच प्रश्न केला, ''बॅच कितीची हाय?'' दुसरे म्हणाले, ''टेस्ट सीरीज घेणार का?'' एक बाई हळूच मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ''आमची हुशार आहे हो, पण तिलाही बसवा. कुत्र्यानं एकाग्रता वाढते म्हणतात.'' आमचं गावच तसं. इथं देवाचा प्रसादसुद्धा लोक रांगेत आपला नंबर कितवा ते बघून घेतात. शेवटी ज्यांचं कुठंच नाव नव्हतं अशी पाच-सहा पोरं उरली, आणि तीच तर हवी होती.

सोहमला मी त्यांच्यात बसवलं नाही. त्याला सांगितलं, ''तू बेगमला धरायचं.'' सगळ्यांनाही तेच सांगितलं. माझा मुलगा, कुत्रीला सांभाळतो. लोकांना फार कौतुक वाटलं. बाईंचा मुलगा, किती सेवाभावी! खरं म्हणजे हा सगळा घाट मी त्याच्यासाठीच घातला होता. पोरं वाचतील, तो ऐकेल, मग कधीतरी आपणच पुस्तक उचलेल, असा माझा हिशेब. सांगायला मात्र तोंड नव्हतं. सोहमनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पट्टा हातात घेतला.

पहिल्या रविवारी मुस्कान आली. सहावीतली, शिंप्याची मुलगी, घरी दखनी बोलायची आणि शाळेत मराठी. ओढणी दातात धरून बसली. पुस्तक उघडलं, पण ती वाचते आहे की श्वास घेते आहे ते कळेना. मी खिडकीबाहेर कान देऊन उभी. तिनं एक शब्द म्हटला आणि माझ्या तोंडातून आपोआप गेलं, ''दीर्घ! दुसरी वेलांटी!'' आत एकदम चिडीचूप. हमीद डॉक्टरांनी एक खुर्ची उचलली, वाचनालयाच्या आवारातल्या लांबच्या लिंबाखाली नेऊन ठेवली आणि मला खूण केली. सगळा मोसम मी त्या खुर्चीवर काढला. डोक्यावर पानं गळायची. आतून काही ऐकू यायचं नाही, नुसती पोरांची तोंडं बाहेर येताना दिसायची. ती दर रविवारी थोडी थोडी बदलत गेली. मुस्काननं ओढणी दातातून सोडली. एक दिवस ती हात धूत असताना तिची आईच मला म्हणाली, ''बाई, घरात भिंतीला वाचून दाखवते आता. भिंतीला!''

आणि एका रविवारी पोरं गेल्यावर मी चाव्या आणायला दाराशी गेले, तर आतून सोहमचा आवाज. तो बेगमला वाचून दाखवत होता. कोल्ह्याची कसली तरी गोष्ट होती. एकेक अक्षर जुळवत, थांबत, परत मागं जात. मध्येच तो बेगमला म्हणाला, ''थांब हां, हे जोडाक्षर आहे,'' आणि ती थांबली असावी, कारण सगळं शांत झालं. मग तो जोडाक्षर पार करून पुढं गेला. आख्खं वाक्य. बाई गं! मी तशीच आत घुसले आणि ओरडले, ''शाब्बास!''

पुस्तक मिटलं. बेगम दचकून उठली, ताट आपटल्यावर न उठणारी बेगम. सोहम म्हणाला, ''मी चित्रं बघत होतो.''

त्यानंतर माझी चप्पल वाजली की त्याचा आवाज बंद व्हायचा. पण वाचत होता एवढं मला कळलं होतं, आणि मी हरखले होते. हरखलेल्या माणसाला आमच्याकडं एकच गोष्ट सुचते. सत्कार.

वाचनालयाच्या अध्यक्षांनी कल्पना काढली, मी उचलून धरली. शाल, नारळ, पेढे. आणि चौकात फ्लेक्स. हमीद डॉक्टर तेव्हा भाचीच्या लग्नाला नांदेडला गेले होते, नाहीतर त्यांनी मला आवरलं असतं. मजकूर मीच लिहिला. वरती 'उत्तुंग भरारी!'. मध्ये पोरांचे फोटो, प्रत्येकाचं नाव, शाळा, इयत्ता. आणि त्याखाली एक ओळ, जी सुचल्यावर मी स्वतःवरच खूश झाले होते. 'कालचे अक्षरशत्रू, आजचे वाचनवीर'. मराठीची बाई ना मी. खाली लहान फोटोंची एक पट्टी होती, मार्गदर्शकांची. अध्यक्ष, मी, डॉक्टर. आणि शेवटी पांढऱ्या शर्टात सोहम. 'श्वानसेवक'.

फ्लेक्स लागला त्या संध्याकाळी मी सोहमला गाडीवर मागं बसवून दाखवायला नेलं. परीक्षेचे दिवस, चौकात ही गर्दी. शिकवणी सुटलेली पोरं सायकली टेकवून वर बघत होती, वाचत होती, एकमेकांना कोपरानं ढोसत होती. दोन्ही बाजूंना टॉपरांचे फ्लेक्स आणि मध्ये आमचा. मुस्कानचा चेहरा चांगला दोन हात उंच.

सोहम बराच वेळ बघत राहिला. त्यानं ती ओळ अक्षर अक्षर लावत वाचली असणार, कारण त्याचे ओठ हलत होते. मग त्यानं विचारलं, ''आई, माझा फोटो चुकीच्या ओळीत लागलाय का?''

मी म्हटलं, ''कसा काय?''

''मी पण त्यांच्यातलाच आहे ना.''

आसपास माणसं होती. मी काय केलं असेल? मी म्हटलं, ''हळू बोल.''

आजही त्या चौकात सिग्नलला थांबले की मला माझे ते दोन शब्द ऐकू येतात आणि कान तापतात. दुसऱ्यांच्या लेकरांची नावं मी चौकात टांगली होती, इयत्तेसकट. आपल्या लेकराचं झाकून ठेवलं. आणि ते लेकरू आपणहून त्यांच्या रांगेत उभं राहायला निघालं होतं, तर त्याला म्हटलं, हळू बोल. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते माझ्यासारखीला बघूनच कुणीतरी म्हटलं असेल.

सत्काराला पोरं आलीच नाहीत. खुर्च्या मांडलेल्या, शाली घडी करून ठेवलेल्या, अध्यक्ष घड्याळ बघत होते. पुढच्या रविवारीही कुणी आलं नाही. बेगम आंघोळ करून सतरंजीवर बसून राहिली, दाराकडं तोंड करून. डॉक्टर नांदेडहून परतले, चौकातनंच आले होते. रागावतील असं वाटलं. ते फक्त म्हणाले, ''बेगमनं कुणाला सांगितलं होतं का, बाई?''

आम्ही दोघं मुस्कानच्या घरी गेलो. गल्लीतलं एका खोलीचं घर, दारातच शिलाई मशीन. तिच्या आईनं बसायला चटई दिली, चहा दिला. आत पडद्यामागं मुस्कान होती. पडद्याखालून तिची पावलं दिसत होती. ''शाळेत पोरी तिला 'कुत्र्याची इष्टुडंट' म्हणून राहिल्या,'' आई म्हणाली. ''वर्गात कुणाला ठाऊकच नव्हतं हो, तिला वाचायला येत न्हाई ते. ती मागं बसायची, पोरींच्या ओठाकडं बघून म्हणायची. आता साऱ्या गावाला कळलं. लई शरम खाऊन बसलीय. तुम्ही चांगल्यापायी केलं, मला कळतं बाई. पण तुमच्या पोराचं असं लावलं असतं का तुम्ही?''

तिला काही माहीत नव्हतं. ती सहज बोलली होती. मी कप बशीत ठेवला. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. पडद्यामागच्या त्या पावलांना ऐकू जाईल असं सांगायला हवं होतं, की मुस्कान, माझ्या सोहमलाही येत नाही. डॉक्टर माझ्याकडं बघत होते, त्यांना बहुतेक केव्हाचंच कळलं होतं. मी म्हटलं, ''चुकलं माझं.'' तेवढंच. माफीसुद्धा मी अर्धीच मागितली. पावलं पडद्याखालून मागं सरकली.

फ्लेक्स मी माणूस लावून उतरवला. त्या माणसानं विचारलं, नेऊ का, तर मी म्हटलं, ने बाबा. उन्हाळ्यात एकदा यार्डात डाळ घ्यायला गेले, तर तुरीच्या पोत्यांवर तोच फ्लेक्स टाकलेला, वळवाच्या भीतीनं. आमच्याकडं फ्लेक्स वाया जात नाहीत. वाऱ्यानं त्याचं एक टोक फडफडत होतं आणि मुस्कानचा अर्धा चेहरा वर-खाली होत होता. मी डाळ न घेताच परत आले.

उपक्रम पुन्हा उभा राहिला नाही. सोहम मात्र शाळा सुटल्यावर दवाखान्यात जाऊन बेगमला वाचून दाखवायचा, हे मला फार उशिरा डॉक्टरांकडून कळलं. ती म्हातारी होऊन गेली तोवर वाचत होता. घरात कधी नाही. माझ्यापुढं एक ओळ नाही. मी विचारायला धजले नाही आणि त्यानं काही काढलं नाही. दहावी त्यानं दोनदा देऊन काढली, आयटीआय केलं, नांदेडला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात लागला, आता तिथला मिस्त्री आहे. बोलतो, हसतो, दर रविवारी फोन करतो. मी विचारते, ''जेवलास का?'' तो म्हणतो, ''हाव.'' मुस्कानचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. ते लोक भाड्याचं घर सोडून गेले. कुठं, हे विचारायचा हक्क मीच घालवला होता.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. सोहम म्हणाला, नांदेडलाच कर, मी आहे. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यातही पिकलेला मोतीबिंदू, म्हणजे सगळं जग दुधात बुडवल्यासारखं. शुगरमुळं एक दिवस ठेवून घेतलं. बायकांचा वॉर्ड, शेजारच्या खाटेवर कंधारकडची एक म्हातारी, तिचाही डोळा झाकलेला. सकाळी चहा झाल्यावर सवयीनं माझ्या तोंडून गेलं, ''पेपर नाही आला का रे?'' आणि मी जीभ चावली.

सोहम खाली जाऊन पेपर घेऊन आला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. कागद सळसळला. मी म्हटलं, ''राहू दे रे.'' तो म्हणाला, ''तुला दिसत नाही ना,'' आणि त्यानं वाचायला सुरुवात केली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भर वॉर्डात. तसाच, एकेक अक्षर जुळवत, कालव्याच्या पाण्याची बातमी. 'जि... जिल्हा... धि... का...' घाई नाही, कंप नाही. मी चादर मुठीत धरून पडले होते. बाकीच्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या. मला त्या आमच्याकडं बघतायत असं जाणवत होतं आणि खोटं कशाला सांगू, माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. अजूनही! म्हणजे एवढं सगळं होऊनसुद्धा, तीच मी.

म्हातारीनं विचारलं, ''बाई, तुमी मास्तरीण म्हनं. मंग ह्यो कोन?''

मी तोंड उघडायच्या आत सोहम म्हणाला, ''मी बाईंकडं कामाला असतो, मावशी. शिकलो न्हाई जास्त.''

किती सहज म्हणाला! आवाजात राग नाही, टोमणा नाही. पांघरूण सरकलं तर ओढून घ्यावं, तसं त्यानं माझ्या अंगावर ते ओढलं. त्याला वाटलं, आईला हेच बरं वाटेल. हे त्याला मीच शिकवलं होतं, दुसरं काही शिकवता आलं नाही तरी.

''न्हाई हो,'' मी म्हटलं. आवाज फाटला. परीक्षकाच्या खुर्चीतला तो आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. ''मुलगा आहे माझा. पोटचा. त्याला वाचायला वेळ लागतो, लहानपणापासून. मीच आजवर कुणाला सांगितलं नाही.''

आणि मला धडकी भरली. आत्ताही त्याला न विचारताच सांगितलं होतं मी. परत तेच केलं का? तो उठून गेला तर? मला दिसत नव्हतं, मी नुसती ऐकत होते. खुर्ची हलली नाही. कागदही वाजला नाही.

मग म्हातारीच खेकसली, ''आरं मंग थांबलास काऊन? कालव्याचं वाचत व्हतास न्हवं? हरभऱ्याला पानी कवा सोडनार ते लिवलंय का बग. आन् दमानं वाच बाबा, मला बी घाईघाईनं समजत न्हाई.''

''कुठं होतो मी, आई?'' सोहमनं विचारलं.

मला तो शब्द येत होता. 'जिल्हाधिकारी'च्या पुढचा. मी म्हटलं, ''तूच बघ.''

त्यानं जागा शोधली आणि तो वाचायला लागला. मी भिंतीकडं तोंड केलं. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं इथल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, ते काही माझ्याच्यानं झालं नाही.